शून्याच्या डावीकडे

दोन हजार नऊच्या नोव्हेंबरातला शुक्रवार होता. मखमलाबादच्या आमच्या मळ्यातून मी सकाळी स्कूटीवर निघाले, तेव्हा डोक्यात एकच काम होतं. टाइमलाइनमधल्या पट्ट्या जागेवर आणायच्या होत्या. संध्याकाळी सहाला टूलची नवी आवृत्ती पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे जायची होती. हवेत छान गारवा होता आणि मी खुशीत होते. मी बहुतेक वेळा खुशीतच असते, आईच्या मते हा माझ्यातला दोष आहे.

आमचं ऑफिस गंगापूर रोडला, स्टीलच्या भांड्यांच्या दुकानावर, पहिल्या मजल्याला. तीन खोल्या आणि सहा माणसं. वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी ब्राउझरला जोडायचं एक टूल आम्ही तयार करत होतो. पान उघडल्यावर त्याच्या आत काय काय घडतं, ते हे टूल रेघांनी काढून दाखवायचं. एक उभी रेघ म्हणजे शून्य, पान उघडलं तो क्षण. तिच्या उजवीकडे आडव्या पट्ट्या. निळी पट्टी म्हणजे सर्व्हरकडून आलेलं उत्तर, पिवळी म्हणजे कीबोर्डवर दाबलेली कळ. पट्टीवर माउस नेला की वेळ आणि तपशील दिसायचा. यालाच टाइमलाइन म्हणायचं.

टूल नोंद घ्यायला सुरुवातच पान उघडल्यावर करायचं, तेव्हा शून्याच्या डावीकडे काही दिसायला कारण नव्हतं. तरी आमच्या निळ्या पट्ट्या डावीकडे जायच्या आणि तिथल्या नावांच्या रकान्यावर चढून बसायच्या. प्रश्न विचारायच्या दहा मिनिटं आधी उत्तर हजर! तीन दिवस मी त्या पट्ट्यांकडे बघून डोकं खाजवत होते.

अकराच्या सुमाराला सहज भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि मला हसूच फुटलं.

आमच्या सोमनाथ सरांचे दोन नियम होते. पहिला घड्याळाचा. तरुणपणी त्यांची पंचवटी एक्स्प्रेस दोन मिनिटांनी चुकली आणि तिच्यापायी मुंबईची एक नोकरी हुकली. तेव्हापासून त्यांच्या राज्यातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे. भिंतीवरचं, मनगटावरचं आणि कॉम्प्युटरांमधलंसुद्धा. नवं मशीन आलं की सर त्याला हळदकुंकू लावायचे, नारळ फोडायचे आणि लगेच स्वतःच्या हाताने त्याचं घड्याळ पुढे सारायचे. आता आमचं टूल शून्याची वेळ घ्यायचं मशीनच्या घड्याळावरून आणि उत्तराची वेळ घ्यायचं सर्व्हरच्या घड्याळावरून. सर्व्हर होता लांब अमेरिकेत, त्याला कोण नारळ फोडणार? त्याची वेळ बरोबर होती, आमची पुढे. म्हणून उत्तरं दहा मिनिटं मागे.

दुसरा नियम रजेचा. काहीही होवो, आधी रजेचा मेल टाकायचा, मगच जिना उतरायचा. तोंडी सांगितलेलं सर ऐकायचेच नाहीत.

मी माझ्या मशीनचं घड्याळ दहा मिनिटं मागे घेऊन बरोबर केलं आणि सरांना सांगायला त्यांच्या खोलीत गेले. आमच्यात कोड तपासणारी मनीषा तिथे आधीच बसली होती, नव्या आवृत्तीची यादी घेऊन.

"मागे घेतलंस?" सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देवघरातला देव उचलून खिडकीत ठेवला होता.

"फक्त माझ्या मशीनवर, सर. आणि टूलमध्येही दुरुस्ती करते. दोन्ही वेळा एकाच घड्याळावरून घेऊ."

"घड्याळ मागे नेऊ नये गं..." ते म्हणाले. "पुढे गेलेलं ते गेलेलंच असतं. असो. सहाच्या आत आटप."

हे समजवण्यात पंधरा-वीस मिनिटं गेली. मी परत जागेवर येऊन दुरुस्ती केली, पान पुन्हा उघडलं. निळ्या पट्ट्या गुमान उजवीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मला एवढा आनंद झाला की काय सांगू!

पण डावीकडे काहीतरी उरलं होतं. पिवळ्या पट्ट्यांचा छोटासा झुपका, शून्याच्या साधारण दहा मिनिटं आधी. पिवळ्या म्हणजे कळा, आणि कळांचा सर्व्हरशी काही संबंध नसतो. मी एकेका पट्टीवर माउस नेऊन अक्षरं कागदावर उतरवली. आम्ही सगळे तेव्हा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, तसंच ते होतं. 'भाग्याला मुलगी झाली.'

भाग्यश्री माझी धाकटी बहीण, निफाडला दिलेली. तिचे दिवस भरले होते आणि आई तिच्याजवळच होती. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणीतरी माझी फिरकी घेत असणार, असं म्हणून मी कागद चुरगळला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडे आई होती, रडत होती आणि हसत होती.

"उज्वला, भाग्याला मुलगी झाली गं! आत्ता, दहा मिनिटं बी नाय झाली. दोघी बऱ्या हायेत. तुझ्या अण्णांना कळव. पुंजाभाऊजींना फोन लाव."

मी ऑफिसच्या चॅटवर मनीषाला लिहिलं, 'भाग्याला मुलगी झाली', आणि एंटर दाबून झाल्यावर माझी बोटं तशीच हवेत राहिली. थोड्या वेळाने मनीषा सरांच्या खोलीतून येऊन जागेवर बसली आणि तिने मान वर केली.

"अभिनंदन मावशी! पण दोनदा कशाला पाठवलंस?"

"दोनदा?"

"दोन मेसेज आहेत. दहा-बारा मिनिटांचं अंतर आहे दोघांत."

नेटची गडबड असेल, असं मी म्हटलं. खरं म्हणजे मला तेव्हा भीती वाटली नाही. भाची झाली होती, बग सापडला होता, त्या दिवशी मी कशाचंच वाईट वाटून घ्यायला तयार नव्हते.

अण्णा मोबाइल वापरत नसत. आमच्या बांधाला बांध लागून पुंजाकाकांचं टोमॅटोचं रान होतं, त्यांच्या फोनवरून आमचे सगळे निरोप चालायचे. मी त्यांना फोन लावला.

"चिमाजी आजोबा झाला म्हना की!" काका ओरडले. "सांगतो, सांगतो. लय खूश व्हईल. सकाळपासून त्या मोटारीवर चिडून बसलाय. स्टार्टर धरत नाय म्हनतो. लाइट गेली की खोलून बघनार हाय."

लोडशेडिंगचे दिवस होते ते. आमच्या भागात त्या आठवड्यात दुपारी बारा ते दोन वीज नसायची. विहिरीवरचं काय दुरुस्त करायचं ते त्या दोन तासांत करायचं, अशी सगळ्या मळेवाल्यांची रीतच होती. फ्यूज काढून ठेवण्याच्या भानगडीत कोणी पडायचं नाही. वीजच नाही तर फ्यूज कशाला काढायचा?

दुपारी जेवण झाल्यावर मी डावीकडच्या पट्ट्यांचा कायमचा बंदोबस्त करायचं ठरवलं. एका ओळीचं काम होतं. शून्याच्या आधीची वेळ असेल तर पट्टी काढूच नको, असं टूलला सांगायचं. ती ओळ मी लिहिली. सेव्ह करणार, तेवढ्यात आठवलं की पेढे आणायचे राहिलेत. पावणेदोनला मी तशीच उठले, कोपऱ्यावरच्या दुकानातून अर्धा किलो पेढे घेतले आणि एक बावन्नला परत जिना चढले. वेळ मला पक्की आठवते, कारण जिन्यात मोबाइल काढून मी मुद्दाम बरोबरची वेळ पाहिली होती. जिन्यात मला कोणीही भेटलं नाही.

खोलीत दुपारची सुस्ती होती. पंखा बंद, यूपीएसची मधूनच एक पीप. मनीषाने माझ्याकडे पाहिलं आणि ती काहीतरी बोलायला उठली, पण मग तशीच थांबली. तिचे डोळे लाल दिसले. मी पेढ्यांचा खोका टेबलावर ठेवून बसले. खुर्ची ऊबदार होती, मी पाच-सात मिनिटं बाहेर होते तरी. कीबोर्डवर चार-पाच थेंब पाणी सांडलेलं होतं, ते मी ओढणीने पुसलं. आणि एक वास येत होता... वायंडिंग जळाल्यावर मोटारीतून येतो तसा, कडवट. खालच्या दुकानात काही जळलं असेल, असं वाटलं.

ती ओळ सेव्ह करण्याआधी एकदा शेवटचं बघू, म्हणून मी पान उघडलं.

डावीकडे पिवळ्या पट्ट्या होत्या. या वेळी अगदी शून्याला खेटून, दोन मिनिटांपूर्वीच्या. बऱ्याच होत्या. पट्ट्यांमधली अंतरंही विचित्र होती. दोन-तीन अक्षरं, मग लांब मोकळी जागा, मग एखादं अक्षर, ते खोडल्याची कळ, मग पुन्हा तेच अक्षर. टाइप करणाऱ्याचे हात ताब्यात नव्हते, हे नुसत्या पट्ट्यांवरून कळत होतं.

मी माउस नेत गेले आणि ओठांतल्या ओठांत वाचत गेले.

'सर, अण्णा गेले. विहिरीवर शॉक लागला. निघते.'

माझ्या कानात एकदम शांत झालं. यूपीएसची पीप नाही, रस्त्यावरचे हॉर्न नाहीत.

सकाळी त्या कळांनंतर दहा-बारा मिनिटांनी आईचा फोन आला होता. या कळांना दोन मिनिटं होऊन गेली होती, म्हणजे फोन यायला आठ-दहा मिनिटं राहिली. पण फोन येतो तो सगळं झाल्यावर. आधी ते घडतं, मग कोणीतरी धावत येतं, मग कोणीतरी नंबर शोधतं. अण्णांच्या वाट्याला त्यातली किती मिनिटं उरली होती? तीन? एक? बग शोधताना मी नेहमी आधी पुरावा मागते. त्या दिवशी मागितला नाही. मी पुंजाकाकांना फोन लावला.

घंटी वाजत राहिली. सहा वेळा. सात वेळा.

"हां, बोल पोरी..."

"काका, अण्णा कुठे आहेत?"

"विहिरीवर. पेटी खोलून बसलाय. का गं?"

"त्यांना म्हणावं हात काढा. आत्ताच्या आत्ता."

"अगं लाइट नाय. दोनला येती, अजून..."

"काका, ओढा त्यांना तिथून! विचारू नका. धावा..."

काका धावले. ते का धावले, हे त्यांना स्वतःलाही कधी सांगता आलं नाही. फोन त्यांच्या मुठीत चालूच होता. मला चपलांचा आवाज आला, सुक्या पाल्यातून पाय ओढल्याचा आवाज आला. लांबून त्यांची हाक आली. "चिमा! ए चिमा! हात काढ!" मग झटापट, काहीतरी पत्र्याचं खाली पडलं, आणि लगेच ठिणग्या उडाल्याचा जोरदार तडतड आवाज. त्यानंतर मोटारीची घरघर सुरू झाली. एक पंचावन्न झाले होते. वीज पाच मिनिटं आधी आली होती.

नंतर कितीतरी वेळ नुसती घरघर...

"काका?" मी म्हटलं. "काका..."

"कोन बोलतंय?" अण्णांचा आवाज होता, चिडलेला. "उज्वला? काय झालं गं? या पुंज्यानं मला चिखलात पाडलं, धोतराची वाट लावली!"

मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. मग उठले आणि धावत सुटले. रजेचा मेल टाकला नाही.

मळ्यावर पोचायला मला वीस-पंचवीस मिनिटं लागली, रहदारी होती. अण्णा ओट्यावर बसून पाय धूत होते. स्टार्टरची पेटी काळीठिक्कर पडली होती. पुंजाकाका तिच्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि पुन्हा तिच्याकडे बघायचे. "तुला कसं कळलं?" त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, असंच मनात आलं. अण्णांना मी इतक्या वेळा हात लावून पाहिलं की ते म्हणाले, "म्हैस हाय का मी विकत घ्यायला?" मग आम्ही चहा केला. इतका गोड चहा मी जन्मात प्यायले नव्हते, साखर मीही घातली होती आणि काकांनीही.

चारच्या सुमाराला फाटकाशी रिक्षा थांबली. सोमनाथ सर आणि मनीषा उतरले. सरांच्या हातात हार होता. दोघं मान खाली घालून आले आणि ओट्यावर झेंडूची फुलं निवडत बसलेल्या अण्णांना पाहून जागच्या जागी उभे राहिले.

"या, या," अण्णा म्हणाले. "नातीचं कळलं वाटतं? हार कशाला आनला, आमच्याकडं फुलांना काय तोटा?"

सरांनी हार पाठीमागे लपवला. मग त्यांनी तो अण्णांच्या गळ्यात घालून टाकला आणि खाली वाकून नमस्कार केला. अण्णा लाजले.

मनीषाने मला दंडाला धरून शेवंतीच्या वाफ्याकडे नेलं.

"उज्वला, तो मेल..."

"मी मेल केला नाही."

"मी बघितलंय. तू जेवणानंतर खाली गेलीस आणि लगेच परत वर आलीस. तुला फोन आला. तू ऐकलंस आणि खाली बसलीस, तशीच जमिनीवर. मी तुला उठवून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तुझा हात एवढा थरथरत होता की निम्मं पाणी कीबोर्डवर सांडलं. तू रडत रडत तो मेल लिहिलास आणि निघालीस. मी म्हटलं, थांब, मी सोडते. तू थांबली नाहीस." तिने आवाज आणखी खाली आणला. "आणि मिनिटभरात तू पुन्हा जिन्यातून वर आलीस... पेढे घेऊन. हसत. मी एवढी घाबरले की माझ्या तोंडून शब्द फुटेना."

"सर काय म्हणाले?"

"त्यांनी रजा मंजूर केली. तेरा दिवसांची."

वाफ्यातल्या शेवंतीला नुकतं पाणी बसलं होतं. मनीषाने माझा हात घट्ट दाबला आणि विचारलं, काही खायला आहे का, तिला फार भूक लागली होती. ती मला जीव की प्राण वाटली त्या वेळी.

ते गेल्यावर मी निफाडला फोन लावून भाचीचं रडणं ऐकलं, फोनवरूनच. पट्ट्या लपवणारी ती ओळ मी सोमवारी सेव्ह केली, नवी आवृत्ती तीन दिवस उशिरा गेली आणि गिऱ्हाइकाने काही कुरकुर केली नाही. डावीकडे त्यानंतर कोणाला काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं, मीच ते झाकलं होतं. अण्णा आज अठ्ठ्याहत्तरचे आहेत, रोज सकाळी स्वतः फुलं तोडतात, आणि मी खरोखर सुखात आहे.

फक्त त्या संध्याकाळचं एक राहिलं. मी भाकरी टाकत होते, अण्णा चुलीजवळ शेकत बसले होते. हार अजून त्यांच्या गळ्यातच होता.

"एक विचारू का गं?" ते म्हणाले. "आज तू दोन बारी कशापायी आलीस?"

"दोनदा कुठे? एकदाच आले. स्कूटीवर."

"ती मागून. त्याच्या आधी आलीस ना. पुंज्या पोरांना बोलवाया गेला व्हता, मी एकटाच व्हतो विहिरीपाशी. तू शेवंतीतून चालत आलीस. पायात चप्पल नाय, केस सुटलेले. लय रडत व्हतीस. मी म्हनलं, अगं मी बरा हाय, बघ की. तू माझा हात घेतलास. एक एक बोट दाबून पाहिलंस, लहान पोराचं बघतात तसं. मग हसलीस. लय बरं वाटलं बघ मला ते हसू बघून."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले.

"मग?"

"मग काय? म्हनलं बस, च्या टाकू. तर म्हनलीस, नको अण्णा, घरी सगळे माझ्यासाठी खोळंबलेत. दिवस मावळायच्या आत उरकायचंय म्हनलीस." अण्णांनी निखारे जरा मागे सारले. "आन् गेलीस घराकडं. मी मागोमाग आलो तर घरात कोनीच नाय. कोन गं खोळंबलं व्हतं?"